बर्फाचा कारखाना, हर्णै

सुरमईच्या जागी आता माणसं.
अकरा नंबरला तीनदा ब्लीचने धुतलं,
मग फोटो काढला: डावा हात, फक्त हात.
चेहरा दाखवण्याजोगा नव्हता.

पिवळ्या पट्टीपलीकडे जैतूनबी मिरकर.
“करंगळी वाकडी हाय काय बघा,
दोरात आवळलेली, निकाहच्या साली.”
आहे.
“मग जवळ येऊ द्या. वासावरनं सांगते.”

मुखवट्याआड मी गप्प.
वास आम्हीच काढलाय, बाई.
बांगड्याचा, डिझेलचा, तंबाखूचा,
आणि त्या पहाटे बंदरावर
वाऱ्याने आणलेला तो चौथा, ज्याला अजून नाव नाही.

ताईत तीन पिशव्यांत सीलबंद. मिळणार नाही.
फॉर्मवर अंगठा दिला तिने,
शाई पदराला पुसली,
आणि निघताना विचारलं,
“धुताना कुणी ती करंगळी
सरळ तर नाय ना केलीत?”