साठ ओहम

दिवाळ्याच्या जेट्टीला ओहोटी,
'हिंगळामाता' चिखलात एका कुशीवर टेकलेली,
आणि मी तिच्या केबिनीत पालथी,
दातांत टॉर्च, कोपराशी मीटर,
घामाचा थेंब नेमका चष्म्यावर.

तक्रार अशी की पुलाखालून पुढे गेलं
की सगळं एकदम जातं.
खोली जाते, जीपीएस जातो, वेग जातो,
पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा.
"मेलेल्याच्या डोल्यासारख्या," धाया नाखवा म्हणाला
आणि लगेच जीभ चावली.
बोटीवर असं बोलत नाहीत.

एकच गेलं असतं तर दोष त्या एकाचा.
सगळीच गेली की दोष
त्यांच्या मधल्या कशाचा तरी.
हे कोर्समध्ये शिकवलं होतं,
पटलं मात्र वडील गेल्यावर,
आम्ही तिघं भावंडं एकाच आठवड्यात
एकमेकांना फोन करायचे थांबलो, तेव्हा.

मेन स्विच बंद.
पांढरी आणि निळी, दोघींना मीटरच्या सुया.
यायला हवे साठ.
आले एकशेवीस.

बरोबर दुप्पट.
इतका नीटनेटका चुकीचा आकडा
मला आवडतो.
गंज असा स्पष्ट बोलत नाही,
गंज चाचरतो.
हा माणसाचा हात.

नाळीकडे रांगत गेले,
जाळ्यांच्या ढिगाखाली, डिझेलच्या वासाखाली
वायरीचं टोक मिळालं,
उघडं, तोंडात मीठ.
"इथे एक बूच होतं, नाखवा. काळं.
अंगठ्याएवढं."

नाखवा पाण्याकडे बघत राहिला, जे नव्हतंच.
मग खिशातून डबी काढली.
तंबाखू, चुना, दोन गंजके गळ,
आणि त्यांच्यात ते.
"त्याला फुडं वायरच नाय गो.
म्हटला, फुकटचा लावलाय.
काढला."

कसं सांगू.
या बोटीत बोलणारे पाच, वाट एकच.
एक बोलला की बाकीचे थांबतात,
आमच्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा शिस्त बरी.
पण बोललेलं वाटेच्या टोकाला जाऊन आपटतं,
माघारी फिरतं,
पुढच्याच्या बोलण्यावर चढतं.
म्हणून दोन्ही टोकांना एकेक बसवायचा,
काहीच न करणारा.
आलेलं पोटात घेणारा.

"म्हंजे आमची चांगुणा," नाखवा म्हणाला.
जेट्टीवर टोपल्या धुणारी बाई
तिथूनच कडाडली,
"माजा नाव कशाला घेतोस रं?"
उदाहरण चुकलं म्हणायचं.

टोक स्पिरिटने पुसलं, ब्रश मारला,
बूच शेवटच्या आट्यापर्यंत.
साठ पूर्णांक दोन.
वरचे दोन दशांश खाडीला सोडले.

तोवर भरती चढली,
बोट कण्हत सरळ झाली.
स्विच टाकला.
आधी वेळ आली, मग जागा, मग वेग शून्य,
शेवटी खोली. शून्य पूर्णांक आठ.

नाखव्याने बांबू उतरवला,
ओल्या खुणेवर अंगठा धरून वर घेतला.
"खोटा बोलतो तुजा डबा."
खोटं नव्हतं.
डबा मोजत होता बोटीच्या पोटापासून,
बांबू पाण्याच्या तोंडापासून.
दोघांमधला फरक मी सेटिंगमध्ये भरला.
आकडा बांबूशी जुळला.
नाखव्याने बांबू पुसला
आणि होता तिथेच ठेवला.

मजुरी मिळाली, वर दोन चिंबोऱ्या,
डांग्या दोरीने बांधलेल्या.
नेरूळपर्यंत रिक्षात टूलबॅग
आतून खरवडत राहिली.

आणि सिग्नलला आठवलं,
बॅटरीचा एक लग हिरवा पडलाय,
हे सांगायचंच राहिलं.
इंजिन मारताना पडदा मिटेल,
आणि ते म्हणतील, वायरीवाली फसवून गेली.

फोन चांगुणाबाईंनी उचलला.
मी सांगत गेले, कुठला नट, किती घट्ट,
वर ग्रीस कसलं लावायचं.
पलीकडे हूं नाही की चूं नाही.
टोपल्यांचाही आवाज थांबलेला.
"ऐकताय ना?"

"आयकतंय गो.
तू बोल."