पाणी मुरताना

शालिमारच्या दुकानदारानं पिशवीला गाठ मारली
आणि म्हणाला, घरी जा, भरा, सोडा. झालं.
सहा झेब्रा डॅनियो आणि एक काळी मॉली
निहारच्या मांडीत, स्कूटरवर, पाथर्डी फाट्यापर्यंत.
त्यानं माझी कंबर धरली नाही.
पिशवी धरली होती.

त्या घरात मला येऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते.

चौथ्या सकाळी मासे वर आले,
पाण्याच्या सायीला तोंड लावून.
काच लख्ख. खालची वाळू दाणा न् दाणा दिसत होती.
इतकं नितळ आणि यांना श्वास नाही.
नवं पाणी रिकामं असतं,
देवळालीचे फर्नांडिस सर फोनवर म्हणाले,
त्यात अजून कुणी राहायलाच आलेलं नाही.
मासे काढून ठेवायला दुसरी जागा आहे का?
नव्हती.
मग त्यांच्यासकटच करावं लागेल.
रोज थोडं काढा, थोडं घाला.
सगळं एकदम बदलू नका.

साडेपाचला नळ येतो, गंगापूर धरणाचं पाणी,
क्लोरीनचा वास बादलीतून थेट नाकात.
औषधाचे थेंब मोजायचे,
बोट बुडवायचं. जानेवारीत नाशिकचं पाणी हाडाला लागतं,
म्हणून पातेलंभर कोमट मिसळायचं.
प्रसन्न उशीतून विचारतो,
बाळाची अंघोळ आहे का?

संध्याकाळी परीक्षानळी.
आठ थेंब, हलवा, पाच मिनिटं थांबा.
पिवळा निघाला तर निभावलं, हिरवा म्हणजे विष.
पोपटी आहे, निहार म्हणतो.
हिरवा आहे, मी.
गॅलरीतल्या उजेडात जाऊन भांडतो.
मला कुठलंच नाव त्यानं दिलेलं नाही,
'ऐका ना'नं सुरू करतो आणि तिथून थेट मुद्द्यावर.
सर म्हणाले होते, खायला कमी घाला,
भूक दिसली तरी. उरतं तेच सडतं.
मी त्याच्या डब्यातली तिसरी पोळी काढून घेते.

दुसऱ्या आठवड्यात मॉली गेली.
कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली.
तो रडला नाही. चमचा घासून धुतला,
मग म्हणाला, आई हा साखरेला वापरायची.
मी म्हटलं, दुसरा घेऊ.
नको, हाच.
अजून साखरेच्या डब्यात तोच आहे.

सर बसनं आले, दह्याच्या डब्यात स्पंजचा तुकडा घेऊन,
त्यांच्या अकरा वर्षं जुन्या टाकीतला.
तपकिरी, बुळबुळीत, गटाराच्या कडेसारखा.
मी सवयीनं नळाखाली धरायला गेले,
त्यांनी मनगट पकडलं.
अहो, ही घाण नाही. वस्ती आहे ही.

मग अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढलं,
वांग्याच्या सालीइतकं जांभळं.
परत बादल्या.
एका रात्री वाटलं, देऊन टाकावी टाकी,
कुणालाही, माशांसकट, स्टूलसकट.
अंधारात बसले मोटरची घरघर ऐकत.
थोड्या वेळानं तोही आला, शाल ओढत,
स्टूलच्या दुसऱ्या बाजूला बसला.
काही बोलला नाही. मीही नाही.
डॅनियो झोपेत कसे स्थिर राहतात ते त्या रात्री दिसलं.

सासूबाई फोनवर आवाज बारीक करून विचारतात,
पोरगं काय म्हणतंय?
जणू कुठंतरी पाणी मुरतंय.
मुरतंय, आई.
लोणच्याला तरी बरणीवर फडकं बांधता येतं.
हे उघडंच ठेवावं लागतं
आणि दिसत काहीच नाही.

त्रेचाळीस दिवसांनी नळी आकाशी निघाली.
पांडवलेण्याच्या डोंगरावर जे आभाळ होतं
त्याला लावून बघितली त्यानं,
एक डोळा मिटून.
विश्वास बसेना.
थेंब तुम्ही मोजलेत ना? चुकले असतील.
मी बाटली त्याच्या हातात दिली.
तो ओठातल्या ओठात मोजायला लागला,
जीभ थोडी बाहेर,
पाच, सहा,
खाली रिक्षा रिव्हर्स घेत होती,
सात.
ऐक ना, म्हणाला,
आठ झाले.

मी घड्याळात पाच मिनिटं लावली.