रोजकीर्द

साडेसहाला घंटागाडी येते. मी काटा शून्यावर आणतो.
पुठ्ठा बेचाळीस किलो, दर नऊ.
पाण्याच्या बाटल्या अठरा,
झाकणासकट असतील तर कोल्हापूरचा गाडीवाला
दोन रुपये कापतो. म्हणतो, झाकण वेगळं प्लास्टिक.
एका पर्यटकाची तहान किती वळशांची
ते शेवंती कुबलच्या अंगठ्याला विचारा.

ओला कचरा टोपलीनं मोजतो.
खानावळींचा भात, सोलकढीचा चोथा,
बांगड्यांची डोकी, मे महिन्यात फणसाची सालं.
टाकीला पोट आहे, ते बिघडतं.
"काल माशे जास्ती झाले," शेवंती पाइपला कान लावून सांगते,
"आज वायच भात घाल. आणि शेणाचो कालो."
पुण्याचा इंजिनिअर मीटर लावून
दोन तासांनी हेच म्हणाला.

श्रावणात अख्खं मालवण शिवराक,
होड्या वर ओढलेल्या, ज्योत बोटाएवढी.

गॅस जातो मागच्या गल्लीत, पास्कूच्या चहाला.
पहिला महिना गिऱ्हाईक शिवलं नाही.
कचऱ्यावरचो चाय!
मग त्यानं कपामागे एक रुपया उतरवला.
आता बसायला बाकडं पुरत नाही,
आणि आमचे महिन्याचे सहाशे
तो दर वेळी पंधरवडा उशिरा देतो.

ओरोसहून ऑडिटर आला. दरमहा नऊ हजार तूट, म्हणाला.
मी म्हटलं, साहेब, डेपोवरचा धूर थांबला,
खालच्या वाडीतल्या विहिरीत परत पोहरा पडतो,
हे जमेला कुठं धरू?
"पावती आहे?"
दोन चहा प्यायला. एकाची पावती मागितली.

शेवटची ओळ: शिल्लक.
बँकेत तिचा अर्थ, आपलं उरलेलं.
इथे, कोणालाच नको असलेलं.
डायपर, आतून चांदीची वेफरची पाकिटं,
गणपतीच्या मखरांचं थर्माकोल,
ज्याला वजन नाही आणि जागा सगळी लागते.
रोज तीच ओळ मी पुढच्या पानावर ओढतो.

काल वाऱ्यानं एक सोनेरी खांब उडाला,
कुंपणाच्या तारेला जाऊन अडकला.
शेवंतीनं आणून काट्यावर ठेवला.
आकडा हलेना.
तरी नोंद केली,
उजव्या हातानं लिहीत,
डाव्यानं तो दाबून धरून,
नाहीतर गेला असता समुद्राकडे.