चालक अधिक एक

उशिराचे दिवसाला पन्नास.
सत्तेचाळीस दिवसांचे किती, ते वजीरभाईंनी
बोनेटवरच्या धुळीत बोटानं मांडलं:
दोन हजार तीनशे पन्नास.
मूळ फी वेगळी, रिफ्लेक्टरची पट्टी वेगळी,
आणि आरटीओच्या लिंबाखाली बसलेल्या एजंटाचं
"तुमच्या मनावर, सिस्टर."

सिस्टर मी रिटायर होऊन चार वर्षं झाली.
परभणीत हे अजून कुणाला पटत नाही.

गाडी जिल्हा परिषदेच्या लिलावातली.
आमच्या ह्यांनी तिच्यात ओटा बसवला,
पाण्याची टाकी, जाळीची खिडकी,
वाटी घरंगळू नये म्हणून कप्प्याला कड.
येलदरीला मुक्काम करू म्हणाले, मग औंढा,
मग डिझेल नेईल तिकडं.
बाजार समितीच्या काट्यावर जन्म गेलेला माणूस,
गादीसुद्धा तोलून आणली.

उशीर झाला तो कपाळावरच्या अक्षरांमुळं.
उलटी अक्षरं, पुढच्याला आरशात सुलटी दिसावीत म्हणून.
घासायला पालिश पेपर काढला
तर वजीरभाई म्हणाले, जरा थांबा की.
जरा म्हणजे
सत्तेचाळीस दिवस.

सोनटक्के मॅडम चपला काढून आत चढल्या
(दारात पायपुसणं होतं, त्याचा दोष).
गॅसची नळी पाहिली,
लाल सिलिंडरवरची तारीख पाहिली.
"बेड कधी टाकला?"
बेड आधीपासून आहे, मॅडम.
आम्ही फक्त चादर बदलली.

त्या हसल्या नाहीत. पुढचा रकाना:
आसनक्षमता?
चालक अधिक एक, हे म्हणाले.
वजीरभाई माझ्याकडं बघायला लागले
आणि मी टायरकडं.

चारठाण्याहून निघालो तेव्हा चौघं होतो:
ते, मी, मथुरा, मथुराची सासू.
बोरी मागं पडली. झरीच्या अलीकडं
भाई, बाजूला घ्या, म्हटलं
आणि त्यांनी ब्रेक असा दाबला
की सलाइनची बाटलीसुद्धा हलली नाही.
दवाखान्याच्या फाटकात लॉगबुक भरायचं असतं.
निघताना चार. पोचताना पाच.
काहून हो, क्लार्क म्हणाला, वाटेत सवारी घेतली का?
घेतली, म्हटलं. अडीच किलोची.

असं तीनदा झालं.
एकदा आकडा दुसऱ्या बाजूला गेला,
तो रकाना मी अजून मनातच ठेवलाय.

ट्रॅकवर गाडी वजीरभाईंनीच चालवली.
दुसरा गिअर त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही,
आधी अर्धा मागं घ्यावा लागतो,
रुसलेल्या पोराचा हात धरावा तसा.
ब्रेक पास. हॉर्न पास.
डावा दिवा लिंबाच्या शेंड्याकडं बघत होता,
एजंटानं स्क्रू पिळून त्याला जमिनीवर आणलं,
आणखी पन्नास.

प्रमाणपत्र मिळालं. मुदत पाच वर्षं.
दाखले मीही पुष्कळ लिहिले आयुष्यात,
वजन, वेळ, आईचं नाव.
मुदत संपण्याची तारीख
एकावरही लिहिली नव्हती.
"म्हणजे मी तेव्हा एकाहत्तरचा,"
वजीरभाई कागद बघत म्हणाले,
आणि चहात साखर जास्त टाका म्हणाले.
नव्या ओट्यावरचा पहिला चहा
आरटीओच्या आवारातच झाला.

चारला जिंतूर रोडला लागलो.
हे पुढं, मी मागं बेडच्या कडेला,
माझ्या नेहमीच्या जागी,
कागदापेक्षा एक जास्त.
नव्या साईरंगाखालून ती अक्षरं
तिरप्या उन्हात फुगून वर आली असावीत,
कारण पुढच्या मोटारसायकलवाल्यानं आरशात पाहिलं
आणि गाडी सरळ मुरमावर उतरवली.
मग टेम्पोनं. मग उसाच्या ट्रॅक्टरनं, दोन्ही ट्रॉल्यांसकट.

"हॉर्न दिला का तुम्ही?" ह्यांनी विचारलं.
नाही, भाई म्हणाले.

घाई आम्हाला कसलीच नव्हती.
पण लोकांनी वाट दिलीय म्हटल्यावर
त्यांनी गिअर बदलला
आणि गाडी जरा जोरात काढली.