सहासष्ट इंच

बोट मी चालवतो. केरिन मला दिसते ती आरशात,
उलटी, बोटाएवढी,
पाण्याच्या पंख्यामागे कधी आहे, कधी नाही.
कळते मात्र पाठीतून.
दोरी ताणली की सीटखालून एक ओढ येते,
आणि मी सांगू शकतो, आज डावा गुडघा दुखतोय,
किंवा पॅकिंग शेडमध्ये कुणाशी तरी वाजलंय.

जानेवारीत तिची जुनी स्की गेली.
मोडली असती तर बरं,
चार लोकांत सांगता आलं असतं.
नुसती आतून सुटली.
टाचेखाली दाबलं की भिजल्या बिस्किटाचा आवाज
आणि कडेच्या फटीतून थेंबभर नदी,
कुठल्या उन्हाळ्यातली, कोण जाणे.

डब्यात सातशे चाळीस डॉलर.
दोन हंगाम संत्र्यांच्या पेट्या जास्तीच्या उचलल्या,
त्यातून दाढेचे गेले, आईच्या फ्रिजचे गेले,
उरले ते हे.

बेरीच्या दुकानात नव्या स्की भिंतीला टेकून उभ्या,
लग्नातल्या करवल्यांसारख्या,
कुणी हात लावेल म्हणून अंग चोरून.
दोन हजार सहाशे. नुसती फळी. बूट वेगळे.
झ्वार म्हणाला, अख्खी कार्बनची आहे,
तुम्ही विचार करायच्या आत वळते.
केरिन म्हणाली, मला विचार करायला वेळ लागतो,
जरा थांबणारी दाखवा.
मी हळूच म्हटलं, हप्ते पाडून घेऊ.
तिनं खिडकीतून आमच्या बोटीकडे पाहिलं,
चौऱ्याण्णव सालची, एका बाजूला रंग उडालेली.
हिच्यामागे ती? नाकापेक्षा मोती जड.

गेल्या वर्षीच्या रंगातली एक होती, निम्म्याहून कमी भावात,
पण अडुसष्ट इंची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे पाय दोन, अंथरूण एक,
आणि तेही एका पुढे एक ठेवून
वाकायचं पाण्यावर, कोपर भिजेपर्यंत.
दोन इंच जास्त म्हणजे प्रत्येक वळणाला
दुसऱ्याच कुणाचं ओझं.

शेवटी वायकेरीला गेलो, लीबेल्टांच्या गॅरेजमध्ये.
टॉर्बेन, वय पंधरा, एका वर्षात अकरा किलो वाढलेला.
त्याला ती आता पेलत नव्हती,
म्हणजे त्याचं वजन तिला.
सहासष्ट इंच. पाचशे वीस.
केरिननं कडेवरून नख फिरवलं,
नाण्यानं टकटक करत टोकापासून शेपटीपर्यंत कान लावला,
खालचं पातं हलवून पाहिलं. हललं नाही.
तळाला मार्करनं पोराचं नाव, अर्धं पुसलेलं.
पोरगा इतका वेळ गप्प. पैसे मोजून झाल्यावर म्हणाला,
चौथ्या बोयाला ती जरा हट्ट करते.
तेव्हा मागचा पाय हलका ठेवा.
त्याची आई म्हणाली, अरे, हे आधी सांगायचं असतं.

रात्री तिनं आपले जुने बूट तिच्यावर चढवले.
एक भोक पुढे. मग मागे. मग पुन्हा पुढे.
साडेअकरापर्यंत शेडमधून स्क्रूड्रायव्हर ऐकू येत होता.

पहाटे पाणी तेलासारखं. काठावरच्या रेड गमखाली
तीन पेलिकन, रोजचेच.
पहिल्या फेरीत चौथ्याला पडली. दुसऱ्या फेरीत चौथ्याला.
तिसऱ्या फेरीत मी आरशात बघणंच सोडलं.
एक, दोन, तीन,
आणि मग पाठीतली ओढ क्षणभर सैल,
जणू दोरीच्या त्या टोकाला कुणी श्वास रोखलाय,
आणि लगेच परत, पण अनोळखी:
पंधरा वर्षांचा हट्ट
एकोणपन्नास वर्षांच्या गुडघ्यावर.
पाचवा. सहावा नाही.

काठाला आली, नाकातोंडात पाणी,
म्हणाली, कशी वाटली?
मी म्हटलं, पेट्रोल अर्ध्यावर आलंय.
दोनशे वीस उरलेत ना, म्हणाली,
चल.