एक वीसचं इमान

डोमाजीकाकाच्या मनगटावर घड्याळ नाही.
जागलीत लागत नाही, म्हणतो.
रात्री एक वीसला
पैनगंगेच्या अंगाने एक लाल ठिपका निघतो,
मोहाच्या शेंड्यावर येतो,
टॉवरच्या दिव्याशी क्षणभर जोडी जमवतो
आणि गावाला न विचारता पुढे जातो.
मोह ते टॉवर : अर्धी विडी.
विडी विझली की काका डबा बडवतो,
हरभऱ्याच्या चारी धुऱ्यांवर बॅटरी फिरवतो,
मला उठवतो आणि माझ्या ऊबेत झोपतो.
रानडुकरांचीही वेळ तीच, दीडच्या आसपास.

फोनमध्ये ठिपक्यावर बोट ठेवलं
की तो सगळं सांगतो.
वाचून दाखवलं काकाला :
सिंगापूर ते फ्रँकफर्ट,
दहा हजार दोनशे किलोमीटर, तेरा तास.
"तेराच? आपल्या या पट्टीत एकवीस तास हायेत."
ते तास नाही काका, घड्याळाचे.
"बरं. अन् उंच किती?"
अकरा किलोमीटर.
काका आभाळाकडे पाहत राहिला.
"म्हंजे बाजारापेक्षा जवळच हाये थे.
बाजार चौदा. मले जाले दीड तास लागते,
गाडी आली तं."

आत तीनशे माणसं असतील, म्हटलं.
"झोपून?"
बहुतेक.
"मधात उतरता येते?"
नाही.
त्याचा साळा एकदा वणीच्या गाडीत झोपला
तो पांढरकवड्याला उठला,
आणि तिथेच त्याचं लग्न जमलं.
काकाला ते आठवलं असावं. एकटाच हसला.

मग पुसातली ती रात्र.
थंडी अशी की डब्याला हात लावला तर चिकटेल.
मी गोधडीत. काका मचाणीवर,
मान मोहाच्या शेंड्याकडे.
ठिपका आला नाही.
काकाला वाटलं, रात्र अजून तरणी आहे.
एक विडी. आणखी एक.
चांदण्या सरकल्या, पण चांदण्यांवरचा भरोसा
त्याने कधीच सोडला होता.
डुकरांना मात्र कोणी काही कळवलं नव्हतं.
ती वेळेवर आली.

पाचला दहा कमी असताना
आधी घरघर आली, मग ठिपका,
फिकट आभाळात ओशाळल्यासारखा.
फोन म्हणाला : उड्डाण साडेतीन तास उशिरा.
तिकडे विजा पडत होत्या.
इकडे नाल्याकडचे नऊ तास
मुळांसकट उलटे पडले होते,
ओल्या मातीत नाकांचे ठसे,
घाटे चावून थुंकलेले.

काका शिव्या देईल असं वाटलं.
त्याने फक्त घाटे गोळा केले, शर्टाच्या ओच्यात,
काकूला भाजीपुरते.

दुपार व्हायला आली तेव्हा आम्ही धुऱ्यावर
जुनी लुगडी बांधत होतो, खांबाला खांब.
"पोचले काय थे?" तो म्हणाला.
कोण?
त्याने हनुवटी वर केली.
बॅटरी दोन टक्के होती. तरी पाहिलं.
अजून नाही. काळ्या समुद्रावर आहेत.
"काळा?"
हो.
"मंग तिकडं हरभरा चांगला येत असन,"
असं म्हणून त्याने दाताने गाठ आवळली.
पुढचं लुगडं हिरवं होतं, काठाला फाटलेलं.
"धर तिकडून," म्हणाला. "अजून लांब हाये."