जोर कुठे द्यायचा

इम्रानचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर तूर निवडत होतो.
'सर, तुम्हाला रशियन येतं म्हणे.
लखोटियांच्या शोरूमचं उद्घाटन आहे, टेनिसवाली बाई येणार.
दोन हजार, आणि नाश्ता.'

येतं म्हणजे, येत होतं.
ताश्कंदला तीन वर्षं, बोंडअळीवर प्रबंध.
परभणीला परतलो तशी ती भाषा
विद्यापीठाच्या कपाटात, अळ्यांच्या बाटल्यांमागे राहिली.
तीन दिवस क्रियापदं घासली.
'कामून पुटपुटायलाव?' बायकोनं विचारलं.

बाईंची माहिती मोबाइलवर आली.
तामारा झिल्त्सोवा, गाव सिझ्रान, व्होल्गाकाठी.
चौथ्या वर्षापासून कारखान्याच्या भिंतीशी खेळली,
भिंत कधी हरली नाही.
बापानं मोटारसायकल विकली.
बाराव्या वर्षी एकटी स्पेनला.
सतराव्या वर्षी उपांत्य फेरी, मग जगात आठवी.
आणि त्याखाली एकदम ठळक अक्षरं:
घड्याळ, अत्तर, शाम्पू, बर्फावरच्या नाचाचा कार्यक्रम.
काय जिंकली नाही ते लिहिलं नव्हतं.
आम्ही संशोधक,
अहवालात काय नाही तेच आधी बघतो.

नांदेडच्या विमानतळावर
ती इम्रानशी इंग्रजीत बोलली, फडाफडा.
मी पुढच्या सीटवर बसलो,
मांडीवर शब्दकोश,
लग्नात चुकून आलेल्या माणसासारखा.

झिरो फाट्याला चहा.
'ह्या गावाचं नाव काय?'
'झिरो,' इम्रान म्हणाला.
ती इतकी हसली की कपातला चहा सांडला,
आणि का हसली ते कुणाला विचारता आलं नाही.

पुढे काच खाली करून स्वतःशीच म्हणाली,
'उस्ताला.'
थकले.
चाळीस वर्षांनी मला तो शब्द
कुणी न पुसता समजला.
'स्कोरा,' मी म्हणालो. आलंच आता.
तिनं काळा चष्मा काढला.

बाहेर वेचणी चालू होती.
मी ऐटीत बोट दाखवलं: 'ख्लपोक!'
तिनं दोन्ही हातांनी टाळी वाजवली. 'ही?'
मग शेताकडे बघून हळूच, 'ख्लोपक.'

अरे हो.
लिहायला एकच शब्द.
पहिल्या अक्षरावर जोर दिला तर कापूस,
दुसऱ्यावर दिला तर टाळी.
ताश्कंदच्या मास्तरणीनं याच चुकीसाठी
मला वर्गात उभं केलं होतं.

तिनं गाडी थांबवली. सँडल हातात घेऊन
काळ्या रानात उतरली.
गयाबाई नावाची एक बाई वेचत होती,
बोटं बोंडात जात, येत, ओट्यात पडत.
'मनगट बघ,' तामारा म्हणाली,
'असं मनगट मला आठ वर्षं लागली.'
गयाबाईनं तिला नखशिखांत न्याहाळलं.
गोरेपणाबद्दल काही बोलली नाही.
'हिचा उजवा खांदा गेलाय जनू,' म्हणाली,
'माझ्यावानीच धरती हात.'
दिवसभरात मी उलथा केलेलं
हे एकच वाक्य.

परतताना तामारा बोलली नाही.
मग पोटरीवरची माती झटकत म्हणाली,
तीनदा उघडला खांदा.
आता हात वर जातो तो इथपर्यंत,
आणि दाखवलं.
लोकांना हात हलवायला पुरतो, तेवढाच.

शोरूमसमोर दोन हजार माणसं, बँड, ड्रोन,
झाडावर पोरं.
तिनं हात वर केला, इथपर्यंत.
ख्लपोक, ख्लपोक, सगळा रस्ता.

तबकातली कात्री तिनं डाव्या हाती घेतली.
लखोटियांची आई हादरली.
'ओ दुभाषी, सांगा की तिला,
उजव्या हातानं काप म्हणावं!'

मी माइकपासून दूर झालो
आणि शुद्ध रशियनमध्ये सांगितलं:
'या म्हणतात, आमच्याकडे हाच हात शुभ.'

फीत कापली गेली.
रात्री इम्राननं पाकीट दिलं.
आत दीडच हजार निघाले.